मंजुरीपत्र ४८ लाखांचं, गोठलं ते संस्थेचंच खातं

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात आदिवासी मुलींचं वसतिगृह चालवणारी एक नोंदणीकृत संस्था. साठ मुली, रात्री तासन् तास वीज गायब, थंडीत आंघोळीला गार पाणी. गरज साधी होती: बॅटरीसह दहा किलोवॉटचा सौर संच आणि हजार लिटरचा सोलर हीटर. सगळं मिळून दहा-बारा लाखांचं काम. एका वीज कंपनीच्या फाउंडेशनकडून अनुदान मिळवून देतो म्हणणाऱ्याने चार महिन्यांत तीन वेळा मिळून १,५५,८०० रुपये नेले. विश्वस्त अजून त्या दीड लाखांचंच दुःख सांगतात. खरा फटका त्यानंतर बसला आणि तो जास्त समजून घेण्यासारखा आहे.

असा माणूस अनोळखी म्हणून येत नाही. कुणाच्या तरी मेहुण्याचा मित्र, दुसऱ्या संस्थेचं ‘काम करून दिलेला’. भेट मुंबई नाक्याजवळच्या एखाद्या हॉटेलात, कार्डावर ‘सीएसआर कन्सल्टंट’, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचा सल्लागार. एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या रोज डोळ्यांपुढे असलेल्या नाशिकमध्ये वीज कंपनी सामाजिक कामाला पैसे देते, हे कुणाला खोटं वाटत नाही. ते खोटं नाहीच. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. फसवणूक चालते ती या खऱ्या गोष्टीच्या आडोशाने.

पहिली खूण प्रस्तावातच होती. “ताई, दहा-बारा लाखांची फाइल साहेब उघडतसुद्धा नाहीत. ४८ लाखांची करा.” रक्कम चौपट झाली, पण छत किती चौरस मीटर आहे हे कुणी विचारलं नाही. एका किलोवॉटला साधारण दहा चौरस मीटर मोकळी, सावली न पडणारी जागा लागते. म्हणजे इथे शंभर चौरस मीटर हवी. खरं फाउंडेशन बारा महिन्यांची वीजबिलं मागतं, इमारत कुणाच्या नावावर आहे ते बघतं, पाच-सात वर्षांनी बॅटरी बदलायचा खर्च कोण करणार हे विचारतं. प्रश्नांचा हा त्रास नसेल तर पैसेही नसतात.

मग पैसे मागणं सुरू झालं. आधी ‘नोंदणी फी’ दहा हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ११,८००. हा जीएसटी फार हुशारीने लावलेला असतो, कारण करासकट पावती दिसली की खजिनदाराचा संशय मावळतो. त्या पावतीवरचा जीएसटी क्रमांक कुणी वाचलाच नव्हता. हा क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनमधलं चौथं अक्षर धारक कोण ते सांगतं: ट्रस्टला ‘टी’, कंपनीला ‘सी’, व्यक्तीला ‘पी’. फाउंडेशनच्या नावाच्या या पावतीवर चौथं अक्षर ‘पी’ होतं. जीएसटी पोर्टलवर क्रमांक टाकला की मालकाचं नाव फुकट दिसतं. दोन मिनिटांचं काम.

दुसरी मागणी ४८,००० ची: मंजूर रकमेच्या १ टक्का, ‘करारनामा व मुद्रांक शुल्क’. संस्था आणि कंपनी यांच्यातला असा सामंजस्य करार महाराष्ट्रात सहसा ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर होतो. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराऐवजी पाचशेचा लागतो, एवढाच बदल. तिसरी मागणी सगळ्यात बेमालूम होती. ४८ लाखांवर २ टक्के ‘आगाऊ टीडीएस’, ९६,०००, ‘वर्षअखेर परत मिळेल’. टीडीएस म्हणजे पैसे देणाऱ्याने देताना स्वतः कापून सरकारजमा करायचा कर. घेणाऱ्याने खिशातून आधी भरावा असा टीडीएस अस्तित्वात नाही. ‘अनुदानावरचा जीएसटी आधी भरा’ हाही त्याच जातीचा प्रकार. देणगीच्या बदल्यात देणाऱ्याला कोणतीही सेवा किंवा जाहिरात मिळत नसेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. आणि कुठे लागलाच, तरी बिल संस्थेने फाडायचं असतं, उलटं नव्हे.

मधल्या काळात मंजुरीपत्र आलं. जाड कागद, सोनेरी कडा, वर अशोकस्तंभ. खासगी कंपनीला राजमुद्रा वापरायला २००५ च्या कायद्याने बंदी आहे, म्हणजे पत्राच्या डोक्यावरच पुरावा छापलेला होता. खाली ‘रिझर्व्ह बँक मान्यताप्राप्त’. सीएसआरच्या अनुदानाला रिझर्व्ह बँक मान्यता देत नाही. ४८ लाख एकरकमी. प्रत्यक्षात पैसे हप्त्यांत येतात: पहिला हप्ता, काम, चार्टर्ड अकाउंटंटचं उपयोगिता प्रमाणपत्र, मग दुसरा. कारण मंजूर कामावरच पैसे खर्च झाले, असं कंपनीच्या वित्त प्रमुखाला लिहून द्यावं लागतं. आणि जागेवर कुणी येऊन गेलेलंच नव्हतं. पेठपर्यंत एकही गाडी न येता पत्र येत असेल तर ते पत्र फ्रेम करून भिंतीवर लावण्याच्याही लायकीचं नसतं.

घाई मात्र खूप होती. “मार्च एन्डला फंड लॅप्स होतोय, आज संध्याकाळपर्यंत भरलं नाही तर फाइल दुसऱ्या संस्थेला.” फेब्रुवारी-मार्चमध्ये हे वाक्य ठरलेलं, आणि आता जोडीला सिंहस्थ कुंभमेळ्याचं ‘स्पेशल बजेट’. कायद्यात काय आहे ते बघा. चालू प्रकल्पाचे न खर्चलेले पैसे ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या बँक खात्यात टाकता येतात आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येतात. बाकीचे ३० सप्टेंबरपर्यंत कंपनी कायद्याच्या अनुसूची सातमधल्या सरकारी निधीत भरता येतात. ३१ मार्चच्या रात्री अनोळखी संस्थेच्या गळ्यात पैसे घालायची वेळ कोणत्याच कंपनीवर येत नाही.

दीड लाख गेल्यावर प्रकरण थांबलं असतं तर बरं होतं. पण माणूस परत आला, नरमाईने. “फंड ट्रेझरीतून थेट येणार आहे, तुमचं बचत खातं चालणार नाही.” संस्थेच्या नावाने नवं चालू खातं उघडायला लावलं, कॉर्पोरेट नेट बँकिंगसह, रोजची मर्यादा जास्तीत जास्त. या सोयीत दोन वेगळे युजर असतात: एक व्यवहार तयार करतो, दुसरा मंजूर करतो. दोन्हींचे पासवर्ड त्यानेच ‘सेटिंग करून देतो’ म्हणून घेतले. दोन सह्यांची अट दोन माणसांकडे असेल तरच पहारा. दोन्ही चाव्या एकाच्या खिशात गेल्या की कुलूप असून नसल्यासारखं. खात्याला जोडलेलं सिमकार्ड ‘ओटीपीसाठी दोन दिवस’ त्याच्याकडे गेलं. सिम देत नाही म्हटलं तर व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल पाठवतात. ती टाकली की फोनवरचे सगळे एसएमएस परस्पर पुढे जातात. काही संस्थांच्या विश्वस्तांना ‘फंड रिलीज होईपर्यंत’ परगावी हॉटेलात दोन-तीन दिवस ठेवलं जातं. त्या पाहुणचाराचा अर्थ एवढाच, की खातं वापरात असताना मालकाने बँकेत जाऊ नये.

खात्यात पैसे आले. एका कंपनीच्या नावाने एक आरटीजीएस नव्हे, तर अनोळखी माणसांची नावं: पाच हजार, अठ्ठ्याण्णव हजार, दोन लाख चाळीस हजार. आले तसे काही मिनिटांत डझनभर खात्यांत पांगले. हे पैसे दुसऱ्या राज्यांतल्या लुबाडल्या गेलेल्या लोकांचे असतात. डिजिटल अरेस्टच्या, म्हणजे फोनवरून खोट्या अटकेच्या धमकीने, बनावट शेअर ॲपवर घालवलेले. त्यांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की पैसे पहिल्यांदा जिथे उतरले ते खातं आधी गोठतं. ते खातं संस्थेचं. पाठोपाठ त्याच पॅनवरचं जुनं बचत खातंही अडलं, म्हणजे वसतिगृहाचा किराणा आणि स्वयंपाकिणीचा पगार थांबला. नोटिसा आल्या त्या अध्यक्ष आणि खजिनदारांच्या नावाने. खातं उघडायच्या ठरावावर सह्या त्यांच्या, केवायसी त्यांची. आपल्याला काही माहीत नव्हतं हे चौकशीत सिद्ध करत बसावं लागतं.

ट्रस्टचं खातं या टोळ्यांना हवं असतं, कारण मोठ्या रकमा आल्या तरी ‘देणगी असेल’ म्हणून दुर्लक्ष होण्याची शक्यता जास्त. त्यामुळे प्रस्ताव, फी, मंजुरीपत्र हा सगळा देखावा काही वेळा फक्त खात्यापर्यंत पोचण्याची पायरी असतो. फी घेतली नाही म्हणून माणूस प्रामाणिक ठरत नाही. सह्या केलेलं कोरं लेटरहेड, सही केलेला कोरा चेक, विश्वस्ताच्या डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह, ओटीपी, सिम, यांतलं काहीही देऊ नये. खऱ्या फाउंडेशनला ‘कॅन्सल’ लिहिलेला एक चेक पुरतो.

दुसरी एक जात आहे, ती थोडक्यात. ‘कंपनी पन्नास लाख देईल, तीस रोख परत करा.’ हे फसवणूक झालेल्यांचं प्रकरण नाही, इथे संस्था भागीदार होते. तीस लाखांची खोटी बिलं, खोट्या हजेऱ्या, आणि आयकर खात्याने ओढलं तर संस्थेला करमाफी आणि देणगीदाराला करसवलत देणाऱ्या दोन्ही नोंदण्या (१९६१ च्या आयकर कायद्यातल्या १२एबी आणि ८०जी) धोक्यात. यावर चर्चासुद्धा करू नये.

तपासायचं कसं, तर संस्थेच्या बाजूने आणि उलट दिशेने. समोरच्याने दिलेल्या नंबरवर फोन करून खात्री करण्यात अर्थ नाही, तो नंबर त्याच्याच चुलतभावाचा असतो. कंपनीची वेबसाइट स्वतः शोधायची. सीएसआर धोरण, समितीची रचना आणि मंजूर प्रकल्प वेबसाइटवर जाहीर करणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. वार्षिक अहवालातल्या सीएसआरच्या पानांवर काम कुठल्या जिल्ह्यात आणि कोणत्या संस्थेमार्फत झालं तेही बऱ्याचदा सापडतं. केंद्राच्या सीएसआर पोर्टलवरही कंपनीवार खर्च दिसतो. कायदा कंपनीला आपल्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो. जिचा प्रकल्प, वीजवाहिनी किंवा गॅसची पाइपलाइन नाशिक जिल्ह्यात कुठेच नाही, ती पेठला का येते हा प्रश्न विचारायलाच हवा. ईमेलमध्ये ‘ॲट’नंतरचा भाग कंपनीच्या वेबसाइटशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे, मध्ये ‘सीएसआर’ किंवा ‘इंडिया’ घुसवलेला पत्ता चालत नाही. वेबसाइट कधी नोंदवली ते ‘हू-इज’ शोधात दिसतं. वीस वर्षं जुन्या कंपनीचं फाउंडेशन गेल्या महिन्यात जन्मलेलं नसतं. फाउंडेशन कलम ८ ची, म्हणजे ना-नफा कंपनी असेल तर कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर २१ अक्षरी क्रमांक सापडतो आणि बहुधा त्यात ‘एनपीएल’ असतं. महाराष्ट्रातला ट्रस्ट असेल तर नोंद धर्मादाय आयुक्तांकडे.

आणि आपली कागदपत्रं कुणाकडून ‘पॅकेज’मध्ये करून घेऊ नयेत. सीएसआर-१ नोंदणीसाठी पस्तीस हजार मागणारे आहेत. १ एप्रिल २०२१ पासून कंपनीचे सीएसआर पैसे घेणाऱ्या संस्थेला ती लागते हे खरं, पण तिला सरकारी शुल्क नाही. डिजिटल सही आणि अर्ज तपासून देणाऱ्या सीए किंवा कंपनी सेक्रेटरीचं मानधन एवढाच खर्च. ‘सीएसआर’पुढे आठ अंक असा क्रमांक मिळतो. तो मिळाला म्हणजे निधी मंजूर झाला असं नव्हे. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणीही फुकट. ट्रस्ट असेल तर त्याआधी शेड्यूल वनचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीचा ताजा उतारा काढावा. नवे विश्वस्त आले आणि फेरफार अर्ज धर्मादाय कार्यालयात पडून असेल, तर खऱ्या फाउंडेशनकडेही फाइल तिथेच अडते. दोन पानी संकल्पना टिपणीपासून पहिल्या हप्त्यापर्यंत चार ते आठ महिने धरून चालावं.

पैसे गेलेच असतील तर त्याच तासात १९३० वर फोन, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज. शहरात असाल तर नाशिक शहर सायबर ठाणे, पेठ-सुरगाणा भागात ग्रामीण पोलीस. पण हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर झीरो एफआयआरची, म्हणजे हद्द न बघता गुन्हा नोंदवून घेण्याची मागणी करता येते. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं, ३१९ तोतयेगिरीचं, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६डी. व्हॉट्सॲपवरचं संभाषण रागाने डिलीट केलं जातं. ते करू नका, एक्स्पोर्ट करून ठेवा.

खात्यात अनोळखी पैसे दिसले तर ते वापरू नयेत आणि ‘चुकून आले, परत करा’ म्हणणाऱ्या फोनवर विसंबून परतही पाठवू नयेत. शाखाधिकाऱ्याला लेखी कळवून पोच घ्यावी. खातं गोठल्यावर बँकेकडून प्रत्येक तक्रारीचा पोच क्रमांक आणि ठाण्याचं नाव लेखी घ्यावं, आणि त्या प्रत्येक ठाण्याला स्वतंत्र उत्तर द्यावं. सोबत ठराव, खातेउतारा, मंजुरीपत्र आणि आपल्या तक्रारीची प्रत. आपली तक्रार नोटिशीच्या आधीची असेल तर सगळं बोलणं सोपं जातं. म्हणून ‘संस्थेचं नाव खराब होईल’ म्हणत आठवडा घालवणं सगळ्यात महाग.

राहिला हिशेब. १,५५,८०० ‘प्रस्ताव खर्च’ म्हणून गुपचूप नावे टाकायचा मोह होतो. संस्थेचा पैसा वाया गेला असेल तर ते अहवालात नमूद करणं ऑडिटरवर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३४ नुसार बंधनकारक आहे. त्याला आधीच सांगा, कार्यकारिणीच्या इतिवृत्तात लिहा, तक्रारीचा क्रमांक टाका. खरं फाउंडेशन तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद मागतं, आणि त्यांत हे वर्ष असणारच आहे.