पिकार्ड : अल्बम ओळखण्यात हुशार, भावगीतांपुढे अडखळणारं

हार्ड डिस्कवर ‘ट्रॅक ०१’ नावाच्या ढीगभर फाइली, एकाच गायिकेचं नाव तीन स्पेलिंगांनी आणि गाण्याच्या नावात कुठल्यातरी डाउनलोड साइटचा पत्ता. एवढा पसारा असेल तर म्युझिकब्रेन्झ पिकार्ड वापरून बघावंच. गाणं ओळखून त्याचे टॅग, म्हणजे फाइलीत साठवलेली शीर्षक, गायक, अल्बम ही माहिती, भरून देणारं हे सॉफ्टवेअर. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं.

फोल्डर डावीकडे ओढून टाकायचं. ‘क्लस्टर’ दाबलं की असलेल्या टॅगवरून फाइली अल्बमवार गोळा होतात, मग ‘लुकअप’ दाबून ते अल्बम म्युझिकब्रेन्झच्या ऑनलाइन साठ्यात शोधायचे. टॅगच नसतील तेव्हा ‘स्कॅन’: गाण्याच्या सुरुवातीच्या दोन मिनिटांवरून आवाजाचा ठसा काढून तो अकूस्टआयडी या ठशांच्या ऑनलाइन साठ्याशी ताडला जातो. उत्साहात थेट ‘स्कॅन’ दाबलं की घोळ होतो. गाणं बरोबर ओळखलं जातं, पण मूळ चित्रपटाऐवजी कुठल्यातरी ‘सदाबहार’ संग्रहात जाऊन बसतं, आणि एका सिनेमाची आठ गाणी पाच-सहा अल्बमांत विखुरतात. सेटिंगमधल्या ‘प्रिफर्ड रिलीजेस’मध्ये कंपायलेशनची पट्टी खाली ओढली की हे बरंच कमी होतं. तरी चुकलं तर योग्य अल्बम उजवीकडे उघडून अख्खा क्लस्टर त्यावर टाकावा. एका दमात शे-दोनशे फाइली पुरेत. सर्व्हर सेकंदाला साधारण एकच विनंती घेतो, दहा हजार टाकल्या तर नुसतं बघत बसावं लागेल.

‘सेव्ह’ केल्यावर माघार नाही. त्यामुळे आधी सगळ्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर, आणि नाव बदलणं व फाइल हलवणं हे दोन्ही पर्याय पहिल्या फेरीत बंद. ‘रिप्लेस नॉन-आस्की कॅरेक्टर्स’ तर कधीच चालू करू नका, देवनागरी नावांच्या जागी नुसत्या अंडरस्कोरच्या रांगा उरतात.

मराठी संग्रहात मात्र पिकार्डचा जोर ओसरतो. बऱ्याच जुन्या कॅसेटी म्युझिकब्रेन्झच्या साठ्यात नाहीतच. घरी टेपवरून उतरवलेलं गाणं असेल आणि डेकचा वेग थोडा कमी-जास्त असेल, तर ठसाही जुळत नाही. शिवाय आपण भावगीत शोधतो ते गायक, संगीतकार, गीतकार यांच्या नावानं. अल्बम कोणाला आठवतो? इथे एमपी३टॅग हे हातानं टॅग भरायचं सॉफ्टवेअर बरं. विंडोजवर तेही फुकट आहे. फाइलच्या नावातून टॅग भरता येतात, पन्नास फाइली निवडून ‘कंपोझर’ एकदाच लिहिता येतो.

गीतरामायणाचं उदाहरण घ्या. गाणी ५६, पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये ती वेगवेगळ्या गायकांनी गायली, आणि पुढे सुधीर फडके यांनी स्वतः गायलेल्या ध्वनिमुद्रिका आल्या. दोन्ही संच असतील तर अल्बमची नावं वेगळी ठेवा. आकाशवाणीच्या संचात ‘अल्बम आर्टिस्ट’ रिकामा राहिला तर बरेच प्लेअर त्याचे गायकागणिक तुकडे करतात. त्या रकान्यात सगळ्या फाइलींना एकच नाव द्या, गायक ‘आर्टिस्ट’मध्ये. ट्रॅक क्रमांक ०१ पासून दोन अंकी.

शास्त्रीय संगीतासाठी ‘राग’ असा वेगळा टॅग पिकार्ड आणि एमपी३टॅग दोन्हींत करता येतो, पण मोबाइलवरचे बहुतेक प्लेअर तो दाखवत नाहीत. राग आणि ताल शीर्षकातच लिहावेत.

गाडीतल्या जुन्या स्टिरिओला पिकार्डचे टॅग दिसले नाहीत तर सेटिंगमध्ये आयडी३ची (एमपी३ फाइलीत टॅग लिहायच्या पद्धतीची) आवृत्ती २.४ वरून २.३ करून पुन्हा सेव्ह करा. त्यावरही चौकोन दिसले तर स्टिरिओत देवनागरी फाँटच नाही. पेनड्राइव्हसाठी रोमन नावांची वेगळी प्रत करावी लागेल.