टॅक्स चुकवायला गेलो आणि टॅक्सच्याच नावाने लुटलो गेलो

मी नाशिकचा, सिडकोत राहतो, अंबडला एका कंपनीत सीएनसीवर सुपरवायझर. क्रिप्टोच्या (बिटकॉइनसारखं ऑनलाइन चलन) एका खोट्या ॲपमध्ये पैसे घालवले ते लिहायची लाज वाटतेय, पण आमच्याच शिफ्टमधले अजून दोघं याच रस्त्याने चाललेत असं कळलं म्हणून लिहितोय.

आधी सांगतो मी त्यात पडलो का. क्रिप्टो मला नवीन नव्हतं. 2018 ला रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की क्रिप्टोवाल्यांना सेवा देऊ नका, मार्च 2020 ला सुप्रीम कोर्टाने ते सर्क्युलर उडवलं, मग 2022 च्या बजेटमध्ये 30 टक्के टॅक्स आला. आमच्या कँटीनमध्ये त्याचा अर्थ एकच निघाला, टॅक्स घेतात म्हणजे चालतंय! मी पण रीतसर भारतीय एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या ॲपवर, घेतलं. एका कॉइनमध्ये 20 हजार कमावले, दुसऱ्यात 31 हजार गेले, म्हणजे खड्डा 11 हजारांचा, आणि सीए म्हणतो 20 हजारांवर 6 हजार टॅक्स भर आणि वर सेस, कारण यात तोटा वजा करता येत नाही. वर प्रत्येक विक्रीला 1 टक्का टीडीएस. डोकंच फिरलं राव.

त्यात डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद झाली. वडील निफाडला शेती करतात, त्यांचा कांदा चाळीत पडून. भाव जरा चढला की सरकार मध्ये पाय घालतं हे आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे 'सरकारला कळणारच नाही असा पैसा' असं कोणी बोललं की कान टवकारणारच ना.

कंपनीतल्याच एका फिटरने हेच सांगणाऱ्या एका टेलिग्राम ग्रुपला घेतलं. तिथला 'सर' रोज कधी घ्यायचं, कधी विकायचं याचा सिग्नल द्यायचा, एक मॅडम 'दादा जेवलात का' विचारायची. जानेवारी 2024 मध्ये परदेशी एक्स्चेंजचे ॲप सरकारच्या नोटिशीनंतर प्ले स्टोअरवरून खरंच गेले होते, तीच बातमी दाखवून सर म्हणाला, बघा, आपलं ॲप पण काढलंय, म्हणून लिंकवरून टाका. मला ते इतकं पटलं की ॲप स्टोअरवर नाही हीच मला त्याच्या खरेपणाची खूण वाटली!! आता हसू येतं.

15 हजार टाकले, 4,200 काढून बघितले, आले. मग थोडे थोडे करत एकूण 4 लाख 10 हजार. पैसे दरवेळी वेगळ्याच माणसाच्या खात्यावर यूपीआयने जायचे, म्हणे पीटूपीने, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाकडून, यूएसडीटी (डॉलरच्या भावाचं क्रिप्टो) घेतोय. ॲपवर 9 लाख 60 हजार दिसायला लागले. काढायला गेलो तर मेसेज: नफा 5 लाख 50 हजार, भारतीय नियमाप्रमाणे 30 टक्के म्हणजे 1 लाख 65 हजार आधी जमा करा. आणि मी भरले! बायकोचं सोनं गहाण ठेवून. आकडा अगदी कायद्याप्रमाणे होता ना. मग 4 टक्के सेस, 6,600. तोही भरला. मग 1 टक्का टीडीएसचे 9,600 मागितले तेव्हा ट्यूब पेटली, कारण टीडीएस रकमेतूनच कापतात, आधी कोणी खिशातून मागत नाही. आणि 30 टक्के तर आपण इन्कम टॅक्सला भरतो, ॲपला नाही.

तरी 11 दिवस गप्प बसलो. तक्रार केली तर टॅक्स चुकवल्याचं निघेल ही भीती. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन केला असता तर पुढे पाठवायच्या आधी थोडे तरी पैसे अडवता आले असते, असं सायबरवाले म्हणाले. एवढं तरी करा, पैसे गेले की त्याच तासात 1930 लावा, टॅक्सचं नंतर बघता येतं. आणि एक्स्चेंज केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदलेलं आहे का ते पैसे टाकायच्या आधीच बघा.

आलेले 4,200 वजा जाता गेले 5 लाख 77 हजार 400. आणि ते 4,200? तेही दुसऱ्या कोणाचे तरी चोरलेले होते, परराज्यातल्या पोलिसांनी माझं पगाराचं खातं होल्ड केलं, दोन महिने पगार अडकला, घरी हप्ते आणि सोन्याचं व्याज, फिटर तर आता समोर आला की मान खाली घालून जातो, त्याचे स्वतःचेही 2 लाख गेलेत.

ॲप अजून फोनमध्ये आहे, पुरावा म्हणून डिलीट करू नका म्हणालेत. काल उघडलं तर बॅलन्स 10 लाख 12 हजार.