नूलिब-टू : ॲपल टू संगणकावरच्या फायलींची ओळख जपणारे साधन

सदाशिव पेठेतल्या आमच्या घराच्या पोटमाळ्यावर काकांचा ॲपल टू-ई संगणक आणि बेचाळीस फ्लॉप्या गेली कित्येक वर्षे जुन्या चादरीत बांधून ठेवलेल्या होत्या. काका १९८७ साली अमेरिकेहून परतले तेव्हा तो संगणक त्यांनी सोबत आणला होता आणि आपल्या शिकवणीच्या वर्गाची निकालपत्रके तयार करणारे प्रोग्रॅम ॲपलसॉफ्ट बेसिकमध्ये स्वतः लिहिले होते. पुण्याचे इतके पावसाळे काढलेल्या त्या फ्लॉप्यांवर बुरशी धरू लागल्याचे गेल्या वर्षी दिसले, तेव्हा आता थांबून चालणार नाही हे उमगले. तापकीर गल्लीतून ११० व्होल्टचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आणला, संगणक सुरू केला आणि एडीटी-प्रो या प्रोग्रॅमच्या मदतीने, कॅसेटसाठी असलेल्या जॅकमधून साधी ऑडिओ केबल लावून, एकेका फ्लॉपीची डिस्क इमेज, म्हणजे पूर्ण फ्लॉपीची हुबेहूब प्रत असलेली एकच फाइल, लॅपटॉपवर घेतली. यानंतर त्यातल्या फायली अशा रीतीने जपून ठेवायच्या होत्या की, त्या पुन्हा त्याच संगणकावर नेल्या तर जशाच्या तशा चालल्या पाहिजेत. त्यासाठी मी जे साधन वर्षभर वापरले, त्या नूलिब-टूचा हा परिचय.

नूलिब-टू हा अँडी मॅकफॅडन यांनी लिहिलेला, टर्मिनलमध्ये कमांड देऊन चालवायचा प्रोग्रॅम आहे. तो बीएसडी परवान्याखाली विनामूल्य मिळतो आणि त्याचा मूळ कोडही खुला आहे. ॲपल टूच्या जगात श्रिंकइट हा अँडी निकोलस यांचा प्रोग्रॅम फायली दाबून एकत्र बांधण्यासाठी सर्रास वापरला जाई. श्रिंकइट ज्या नूएफएक्स स्वरूपात आर्काइव्ह, म्हणजे फायलींचा असा बांधलेला गठ्ठा, बनवते, तेच स्वरूप नूलिब-टू आजच्या संगणकावर वाचते आणि लिहिते. लिनक्सवर तो कोडपासून तयार करणे अवघड नाही, मात्र आधी नूएफएक्सलिब ही लायब्ररी आणि नंतर नूलिब-टू हा क्रम पाळावा लागतो.

साधी झिप फाइल का पुरत नाही, असा प्रश्न कोणालाही पडेल, आणि मलाही पडला होता. ॲपल टूच्या प्रोडॉस या प्रणालीत फाइल कशाची आहे हे नावाच्या शेपटावरून ठरत नाही. प्रत्येक फाइलबरोबर एक प्रकार आणि एक पूरक प्रकार अशा दोन संख्या डिरेक्टरीत नोंदलेल्या असतात. ॲपलसॉफ्ट बेसिकच्या प्रोग्रॅमचा प्रकार सोळाच्या पायात एफसी असतो आणि त्याचा पूरक प्रकार बहुधा ०८०१, म्हणजे मेमरीत प्रोग्रॅम जिथून सुरू होतो तो पत्ता. यंत्रभाषेतल्या बायनरी फाइलच्या बाबतीत तर पूरक प्रकार ती कुठे लोड करायची हेच सांगतो. झिप करताना या दोन्ही संख्या गळून पडतात. परत नेलेल्या फाइलमधला एकही बाइट बदललेला नसतो, तरी संगणक ‘फाइल टाइप मिसमॅच’ असे म्हणून ती चालवायला नकार देतो. काकांचा निकालपत्रकाचा प्रोग्रॅम पहिल्यांदा परत नेला तेव्हा हेच घडले, आणि पस्तीस वर्षांपूर्वीचे काम आपल्या हातून खराब झाले की काय, या भीतीने मी त्या रात्री झोपू शकलो नाही.

नूएफएक्स आर्काइव्हमध्ये या संख्या फाइलसोबतच राहतात. खरी कसोटी असते ती आर्काइव्ह लिनक्सवर मोकळे करताना, कारण लिनक्सच्या फाइल सिस्टीमला त्या संख्यांशी काही देणेघेणे नाही. इथे नूलिब-टूची योजना मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. कमांडला ‘ई’ हे अक्षर जोडले की मोकळ्या होणाऱ्या प्रत्येक फाइलच्या नावाच्या शेवटी हॅश चिन्ह आणि त्या दोन संख्या लिहिल्या जातात. ॲपल टू-जीएस या नंतरच्या मॉडेलवरच्या फाइलला रिसोर्स फोर्क, म्हणजे आयकॉन वगैरे साठवणारा दुसरा भाग, असेल तर तो ‘आर’ अक्षर लावून वेगळा ठेवला जातो, आणि लिनक्सला न चालणारी अक्षरे टक्क्याच्या चिन्हाने नोंदवली जातात. फायली पुन्हा बांधताना तेच ‘ई’ दिले की नावातली ही नोंद वाचून मूळ प्रकार परत बसवला जातो. बांधताना ‘ई’ विसरल्यास मात्र ती नोंद नुसता नावाचा भाग ठरते, त्यामुळे जाताना आणि येताना दोन्ही वेळा ते अक्षर द्यावेच. ही पद्धत इतरांनीही उचलली आहे आणि ती नूलिब-टूच्याच नावाने ओळखली जाते.

दाबण्याच्या पद्धतीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण चूक इथेच होते. नूएफएक्समधली नेहमीची पद्धत एलझेडडब्ल्यू आहे. ती माहिती ४०९६ बाइटांच्या तुकड्यांत घेते, आधी सलग आलेले सारखे बाइट आवळते आणि मग पुन्हा पुन्हा येणाऱ्या बाइटमालिकांना छोटे संकेत देते. ४०९६ ही संख्या सव्वापाच इंची फ्लॉपीच्या एका ट्रॅकशी जुळते, कारण त्यात प्रत्येकी २५६ बाइटांचे १६ सेक्टर असतात. असे ३५ ट्रॅक मिळून १,४३,३६० बाइट होतात. फ्लॉपीचे रिकामे ट्रॅक त्यामुळे जवळजवळ काहीच जागा घेत नाहीत. नूलिब-टू या पद्धतीची दुसरी, सुधारित आवृत्ती आपणहून वापरतो आणि ती श्रिंकइटला समजते. ‘झेड’ अक्षराने डिफ्लेट ही अधिक चांगली पद्धत निवडता येते आणि आर्काइव्ह लहान होते, परंतु मूळ संगणकावरच्या श्रिंकइटला ते उघडता येत नाही. मी सुरुवातीला लहान आकाराच्या मोहाने सात फ्लॉप्या अशा बांधल्या आणि त्या सगळ्या पुन्हा बांधाव्या लागल्या. फायली खऱ्या ॲपलवर न्यायच्या असतील तर ‘झेड’ला हातही लावू नये.

संपूर्ण डिस्क इमेज आर्काइव्हमध्ये ठेवण्यासाठी ‘के’ अक्षर आहे. इमेजचा आकार ५१२ च्या पटीत हवा आणि तिची रचना प्रोडॉसच्या क्रमाची हवी. ॲपल टूच्याच जुन्या डॉस ३.३ प्रणालीच्या सेक्टरक्रमाने घेतलेली इमेज तशीच घातली तर आर्काइव्ह विनातक्रार तयार होते, पण डिस्कवर उतरवल्यावर मजकूर विस्कटलेला निघतो. इथे एखादी सूचना दिली असती तर बरे झाले असते. मजकुराच्या फायलींसाठी ‘एल’ अक्षर ओळीच्या शेवटाचा फरक दुरुस्त करते, कारण ॲपल टूवर ओळ १३ क्रमांकाच्या अक्षराने संपते आणि लिनक्सवर १० क्रमांकाच्या. दोनदा ‘एल’ देणे मात्र टाळावे, कारण त्याने सगळ्याच फायली बदलतात आणि त्यात बायनरी फायली बिघडतात. ‘आय’ कमांड आर्काइव्ह न उघडता त्यातला मजकूर शाबूत आहे का, हे तपासते. मूळ फ्लॉपी पुसण्यापूर्वी ती मी प्रत्येक वेळी चालवली.

एक उणीव वारंवार जाणवली. तयार झालेले आर्काइव्ह डिस्क इमेजच्या आत ठेवणे किंवा इमेजमधून एखादी फाइल बाहेर काढणे नूलिब-टूच्या कक्षेत येत नाही. एडीटी-प्रो तर पूर्ण डिस्कच पाठवतो, त्यामुळे मधल्या पायरीसाठी ॲपलकमांडरसारखे दुसरे साधन जवळ ठेवावेच लागते. प्रोडॉसच्या फ्लॉपीवर प्रत्येकी ५१२ बाइटांचे २८० ब्लॉक असतात आणि त्यांतले ७ प्रणालीकडे जातात, म्हणून आर्काइव्ह उरलेल्या २७३ ब्लॉकांत बसते का, तेही आधी पाहावे. मॅकफॅडन यांचेच नंतरचे सायडरप्रेस टू ही दोन्ही कामे करते आणि त्याच्यासोबत टर्मिनलमधून चालणारा प्रोग्रॅमही मिळतो. इमेजेसमध्ये सतत काम करणाऱ्याने थेट तोच घ्यावा. मी मात्र बेचाळीस फ्लॉप्यांची स्क्रिप्ट नूलिब-टूवरच बेतली, कारण त्याच्या कमांड लहान आहेत आणि त्याचा कोड सी भाषेत असल्याने माझ्या जुन्या लॅपटॉपवरही तो सहज तयार झाला. बेचाळीसपैकी एकोणचाळीस फ्लॉप्या बांधून झाल्या आहेत. उरलेल्या तीनवर बुरशी जास्त आहे, त्या स्वच्छ करण्यासाठी पावसाळा सरून हवा कोरडी होण्याची मी वाट पाहतो आहे.