‘फॉरमॅट झालं, डेटा गेला’ असं सांगून घेतलेले साडेसात हजार

नागपूरच्या इतवारी, गांधीबाग, मस्कासाथ या भागात छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिणारे माझ्यासारखे बरेच जण आहेत. एका लॅपटॉपवर दहा-बारा पेढ्यांचा टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) असतो. हा अनुभव मुख्यतः त्यांच्यासाठी लिहितोय, कारण सीताबर्डीवरच्या ज्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मला लुबाडलं, तिथे उद्या त्यांच्यापैकीच कोणीतरी जाणार आहे.

एका अपडेटनंतर माझा लॅपटॉप सुरूच होईना. ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ असं यायचं, गोल फिरत राहायचं आणि पुन्हा तेच. जीएसटीआर-1 (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरायची 11 तारीख तोंडावर होती. दुकानदाराला मी पहिल्याच वाक्यात सांगितलं, की विंडोज टाका, पण टॅलीला हात लागता कामा नये. तो म्हणाला, “होऊन जाईल ना भाऊ, टेन्शन नका घेऊ.” विंडोज टाकायचे सहाशे आणि ‘ओरिजिनल लायसन्स’चे दीड हजार ठरले.

संध्याकाळी त्याचाच फोन आला. “भाऊ, हार्ड डिस्क करप्ट होती, फॉरमॅट करावंच लागलं. डेटा तं गेला. पण आपल्याकडे रिकव्हरीचं सॉफ्टवेअर आहे, साडेसात हजार लागतील. आज सांगा, उद्या गॅरंटी नाही.” तारीख जवळ आहे, डेटा दुसऱ्यांचा आहे, हे त्याला मीच सांगितलं होतं आणि त्याने नेमकं तेच धरलं. मी पैसे दिले. दुसऱ्या दिवशी सगळा डेटा जिथल्या तिथे मिळाला, फोल्डरची नावंसुद्धा तीच. पावतीवर त्याने ‘डेटा रिकव्हरी’ असं लिहूनही दिलं.

माझा भाचा कॉम्प्युटरचं शिकतोय. डिस्क एवढी भरलेली का दिसते म्हणून त्याने सी ड्राइव्ह उघडला, तर तिथे ‘विंडोज.ओल्ड’ नावाचं भलंमोठं फोल्डर. त्यात ‘युजर्स’ आणि त्याच्या आत माझ्या साऱ्या फाइली, टॅलीसकट, शाबूत.

ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण सारी फसवणूक इथेच आहे. डिस्क फॉरमॅट न करता, म्हणजे आधी ती पुसून रिकामी न करता, त्याच जागेवर नवीन विंडोज टाकली, तर ती जुनं काही पुसत नाही. रंगकाम काढल्यावर घरचं सामान एका खोलीत लोटून दार ओढून घ्यावं, तसं ती जुनी विंडोज, प्रोग्राम आणि ‘युजर्स’मधल्या फाइली ‘विंडोज.ओल्ड’मध्ये सरकवते. फॉरमॅट झालेल्या डिस्कवर हे फोल्डर राहूच शकत नाही. म्हणजे माझी डिस्क फॉरमॅट झालीच नव्हती. रिकव्हरी म्हणून जे विकलं, ते एका फोल्डरातून दुसऱ्या फोल्डरात कॉपी करणं होतं. शिवाय माझ्या लॅपटॉपमध्ये एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी डिस्क) आहे. तिच्यावर खरोखर फॉरमॅट केलं, तर मोकळ्या झालेल्या जागेतला डेटा ट्रिममुळे, म्हणजे मोकळी जागा पुसायला सांगणाऱ्या आज्ञेमुळे, बहुधा कायमचाच जातो. नावांसकट सगळं एका रात्रीत परत येणं तिथे जवळजवळ अशक्य.

लायसन्सचंही तेच. लॅपटॉपसोबत विंडोज होम आली होती. तिचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं. तीच आवृत्ती पुन्हा टाकून इंटरनेट जोडलं, की ती आपोआप, फुकटात अॅक्टिव्हेट होते. याने ‘प्रो’ ही वेगळी आवृत्ती टाकली. सेटिंग्जमध्ये अॅक्टिव्हेशनच्या पानावर ‘डिजिटल लायसन्स’ऐवजी ‘तुमच्या संस्थेच्या अॅक्टिव्हेशन सेवेतून’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आलं. माझी कुठलीच संस्था नाही. असं अॅक्टिव्हेशन 180 दिवसांचं असतं. खऱ्या कंपन्यांमध्ये ते त्यांच्या सर्व्हरवरून वाढत राहतं, इथे मात्र चोरीच्या विंडोजचे दीड हजार घेतले. विंडोज चालू असेल तर तुम्हीही हे पान आजच उघडून पाहा.

भाच्याने मग विंडोज पुन्हा कशी टाकली ते सांगतो, कारण दुकानात नेमकं हेच व्हायला हवं होतं. आधी डेटा बाहेर काढला, नंतर विंडोजला हात लावला. लॅपटॉप सुरूच होत नसेल, तरी डेटा निघतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबुंटूचा (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) पेन ड्राइव्ह तयार करायचा, त्यावरून लॅपटॉप सुरू करून ‘ट्राय उबुंटू’ निवडायचं आणि फाइली एक्स्टर्नल डिस्कवर घ्यायच्या. ‘इन्स्टॉल’वर जायचं नाही. नव्या लॅपटॉपमध्ये पुष्कळदा डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद, असते. तेव्हा बिटलॉकरची (विंडोजच्या त्या कुलपाची) 48 अंकी रिकव्हरी की लागते, ती बहुतेक वेळा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली सापडते.

आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टॅलीप्राइमचा डेटा डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये नसतो. जागा बदलली नसेल, तर तो सी ड्राइव्हच्या ‘युजर्स’मध्ये, ‘पब्लिक’मध्ये, टॅलीप्राइमच्या ‘डेटा’ फोल्डरात असतो. दुकानवाला “डेस्कटॉप-डॉक्युमेंटचा बॅकअप घेतला” म्हणाला, तरी तुमच्या पेढ्या मागे राहिलेल्या असू शकतात. हे फोल्डर तुमच्या डोळ्यांसमोर कॉपी करायला लावा आणि त्यातली एक कंपनी उघडून पाहा.

डेटा हातात आला की पुढचं सोपं आहे. विंडोज चालू होत असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून फुकट मिळणाऱ्या आयएसओमधलं (विंडोज टाकायची एकत्र फाइल) सेटअप चालवून ‘फाइल्स आणि अॅप्स ठेवा’ हा पर्याय घेता येतो. मग टॅलीसुद्धा जागेवर राहतो. चालू होत नसेल, तर रिपेअरच्याच निळ्या पडद्यावरून ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘कीप माय फाइल्स’ आहे. त्यात फाइली राहतात, टाकलेले प्रोग्राम जातात. त्याच्या खालीच ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ आहे, तिथे बोट जाऊ देऊ नका.

मी दुकानात परत गेलो, तर तो म्हणाला, “ते फोल्डर आमच्या सॉफ्टवेअरनंच बनवलं जी.” हे खोटं आहे, ते विंडोज स्वतः बनवते. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे परत आले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

कोणाकडे अशीच ‘डेटा रिकव्हरी’ची पावती असेल, तर आजच सी ड्राइव्ह उघडा. ‘विंडोज.ओल्ड’ दिसलं, तर त्याच्या प्रॉपर्टीजचा तारखेसकट फोटो काढा आणि तो पावतीसोबत ठेवा. काही दिवसांनी विंडोज हे फोल्डर आपणहून पुसून टाकते, आणि तोच तुमचा पुरावा आहे.