प्रिंट हिरवा, चाक वाकडंच: जुन्या स्पोर्ट्स गाडीच्या अलाइनमेंटमधली फसवणूक

गाडी १९९० च्या दशकातली माझदा एमएक्स-५, दोन सीटची. गोव्यात म्हापशाकडच्या एका अलाइनमेंट सेंटरवर चारही चाकांचं अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) आणि 'कॅम्बर करेक्शन' (चाक वरून आत किंवा बाहेर कललेलं असण्याचा कोन सुधारणं) मिळून ६,८०० रुपये घेतले आणि रंगीत प्रिंट हातात ठेवला. सगळे आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत. घरी दोरी लावून मोजलं तर मागचं डावं चाक पूर्वीइतकंच बाहेर फाकलेलं, रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत दीड मिलिमीटरचा फरक. फिरवले होते ते फक्त पुढचे दोन टाय रॉड, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या दांड्या. गाडी देण्याआधी बोल्टांवर पांढऱ्या पेंटच्या रेघा ओढलेल्या होत्या, म्हणून हे दाखवता तरी आलं.

ही फसवणूक सहज पचते, कारण आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढच्या टो-शिवाय (चाक पुढून आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन) काही फिरवायला नसतंच. पाच-दहा मिनिटांत काम उरकायची सवय तिथूनच लागते. या गाडीला मात्र चारही चाकांना डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली अशा दोन आर्मवर धरलेलं. प्रत्येक चाकाच्या लोअर आर्मला चॅसीच्या बाजूला दोन कॅम बोल्ट (फिरवले की आर्म आत-बाहेर सरकवणारे), म्हणजे एकूण आठ. पुढचे कॅम्बर आणि कास्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) ठरवतात, मागचे कॅम्बर आणि टो. काम मागून सुरू करायचं असतं. मागची चाकं ज्या दिशेला ढकलतात तीच गाडीची खरी दिशा. ती सरळ न करता पुढचा टो बसवला तर स्टिअरिंग वाकडं धरूनच गाडी सरळ चालवावी लागते. मागच्या टायरांची आतली कड महिन्याभरात खरवडल्यासारखी दिसली तर मागच्या टो-वर आधी संशय घ्यावा. मागचं चाक बाहेर फाकलेलं असणं पावसाळ्यात तर धोक्याचंच. ओल्या वळणावर ब्रेक लावला की मागची बाजू सटकते, आणि चोर्ल्याच्या घाटात ते परवडणारं नाही.

मग बोल्ट का फिरवले नाहीत? गंज. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी बोल्टचा दांडा बुशच्या (आर्मच्या टोकाच्या रबरी सांध्याच्या) आतल्या लोखंडी नळीला चिकटून बसतो. जोर लावला की नळीसकट बोल्ट फिरतो आणि भोवतीचं रबर पिळवटतं. पाना धरून ठेवला तेवढा वेळ स्क्रीनवरचा आकडा हिरवा होतो. तेवढ्यात प्रिंट काढला की झालं! पाना सोडला की सगळं मूळ जागी. अडकलेला बोल्ट सोडवायला अर्धा दिवस जातो, बोल्ट तुटण्याची भीती असते, म्हणून सेंटरवाले हात लावत नाहीत. तसं स्पष्ट सांगितलं असतं तर तक्रार नव्हती. न केलेल्या कामाचे पैसे घेतले, हा गुन्हा आहे.

प्रिंट नीट वाचा. सगळ्यात वर गाडीचं नाव आणि वर्ष असतं. मशीनमध्ये मॉडेल नसलं की भलत्याच गाडीचे आकडे घेतले जातात आणि हिरवा रंग त्यांच्या हिशेबाने उमटतो. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) छापलेला असेल तर या गाडीचा २,२६५ मिमी यायला हवा. मग 'आधी' आणि 'नंतर' या दोन मोजण्यांची वेळ बघा. इथे अंतर सहा मिनिटांचं होतं. सहा मिनिटांत आठ कॅम बोल्ट कोणाच्याही हातून होत नाहीत. चाकाला मोजणीचा क्लॅम्प बसवल्यावर गाडी थोडी पुढे-मागे ढकलून रनआउट (रिम किंवा क्लॅम्पच्या वाकडेपणाची नोंद) घेतला नाही, तर वाकड्या रिमचा दोष चाकाच्या कोनात मिसळतो, आणि तेच आकडे दाखवून लोअर आर्म बदलायला सांगतात.

'कॅम्बर करेक्शन' म्हणजे पुष्कळ ठिकाणी साखळी आणि हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट (चाक धरणारा शॉक अॅब्सॉर्बरचा खांब) वाकवणं. या गाडीला वाकवण्याजोगा स्ट्रट नाहीच. जोर बॉल जॉइंटवर आणि आर्मवर येतो. असं कोणी सुचवलं तर गाडी तिथून काढून घ्या.

घरी मोजणं अवघड नाही. सपाट फरशी, टायरमध्ये २६ पीएसआय हवा, स्टिअरिंग सरळ. दोन्ही बाजूंनी चाकाच्या मध्याच्या उंचीवर दोरी ताणा. दोन्ही दोऱ्या एकमेकींना समांतर हव्यात, आणि पुढच्या दोन हबपासून सारख्या अंतरावर, मागच्या दोन हबपासूनही सारख्या अंतरावर. पुढचा आणि मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर) वेगळा असल्यामुळे पुढचं आणि मागचं अंतर मात्र एक येणार नाही, त्याने घाबरू नका. मग रिमची पुढची कड आणि मागची कड दोरीपासून मोजा. पुढची कड जास्त लांब असेल तर टो-इन (चाक पुढून आत), जवळ असेल तर टो-आउट (पुढून बाहेर). १४ इंची रिमवर १ मिमी म्हणजे सुमारे ०.१६ अंश.

सेंटरवर जाण्यापूर्वी आठही बोल्ट एखाद्या जाणत्या मेस्ताकडून (मेकॅनिककडून) मोकळे करून घ्या. दोन-तीन दिवस आधीपासून गंज सोडवणारं तेल मारत राहा. नाहीच सुटले तर कापून नवे बोल्ट आणि बुश घाला, दांड्याला अँटी-सीझ (पुन्हा चिकटू न देणारं) ग्रीस लावा. कॅमच्या जागेवर पेंटची रेघ ओढून फोटो ठेवा. अलाइनमेंट करताना ड्रायव्हरच्या सीटवर चालवणाऱ्याइतकं वजन ठेवायला सांगा. शेवटचं आवळणं गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना व्हायला हवं, हवेत लटकत असताना नव्हे, नाहीतर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

गाडी किंचित डावीकडे जाते म्हणून लगेच पैसे मोजू नका. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून डावीकडे उतरते असतात. आधी पुढचे दोन टायर अदलाबदल करून बघा (टायरवर फिरण्याची दिशा ठरवून दिलेली नसेल तर). ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचा. ताशी ८० किमीच्या वर स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी बॅलन्सिंग बघा, अलाइनमेंटने ते जात नाही.

फसवणूक झालीच असेल तर त्याच दिवशी दुसऱ्या मशीनवर मोजून घ्या. दोन्ही प्रिंट, रेघांचे फोटो आणि पक्कं बिल जपा. आधी सेंटरला लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही दाद मिळाली नाही तर उत्तर किंवा दक्षिण गोव्याचा जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षांची आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही.