अभयारण्यातील सुगम पायवाट : वाट उत्तम, लपणाची खिडकी मात्र उंच

मी व्हीलचेअर वापरते आणि माझी मैत्रीण दृष्टिहीन आहे. दिव्यांग अभ्यागतांसाठी एका अभयारण्यात पाणथळीच्या काठाने नवी लाकडी पायवाट बांधली आहे, हे कळल्यावर आम्ही दोघींनी तेथे एक पूर्ण सकाळ घालवली.

वाट बांधणाऱ्यांनी मनापासून विचार केला आहे. फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या बसवल्या आहेत आणि त्यांच्यातील फटी बोटभरही रुंद नाहीत, त्यामुळे खुर्चीची पुढची लहान चाके कोठेही अडकत नाहीत. बारा फुटांना एक फूट चढ ही रॅम्पची कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते, परंतु लांब वाटेवर तेवढा चढही खांद्यांना सोसत नाही. येथे तो वीस फुटांना एक फुटाहून जास्त नसावा, कारण मला एकदाही कोणाला ढकलायला सांगावे लागले नाही. दोन्ही कडांना बसवलेली बुटकी पट्टी चाक घसरू देत नाही, आणि मैत्रिणीची पांढरी काठी त्याच पट्टीच्या आधाराने निर्धास्त चालत होती. स्वच्छतागृहही नीट आहे.

माहितीफलकांवर ब्रेल आहे, पण ते उभ्या पृष्ठावर असल्याने वाचताना मनगट मुरडते. फलक थोडा तिरका केला तरी ही अडचण दूर होईल.

माझी खरी तक्रार लपणाबद्दल, म्हणजे पक्ष्यांना न बुजवता पाहता यावे म्हणून बांधलेल्या आडोशाच्या खोलीबद्दल आहे. दारापर्यंत रॅम्प आहे, दार रुंद आहे, आत खुर्ची वळवायला दीड मीटरची मोकळी जागाही आहे. मात्र पक्षी पाहण्याची खिडकी उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे आणि तिच्याखाली भिंतभर पक्का बाक बांधलेला आहे. खुर्चीत बसलेल्या प्रौढ व्यक्तीचे डोळे जमिनीपासून साधारण ११० ते १२० सेंटिमीटरवर असतात, त्यामुळे मला केवळ आकाशाची एक पट्टी दिसली. तेथील कर्मचाऱ्याने मला उचलून बाकावर बसवण्याची तयारी दाखवली. त्याची आपुलकी मला समजली, तरी मी नकार दिला, कारण दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात मनोरंजन आणि पर्यटनाच्या ठिकाणी प्रवेश हा हक्क म्हणून मांडला आहे, आणि उचलून घेतले जाणे म्हणजे प्रवेश मिळणे नव्हे. बाकाचा एक तुकडा काढून तेथे गुडघे आत जातील अशी जागा ठेवली आणि खिडकी खाली आणली, तर हे काम सुताराच्या एक-दोन दिवसांचे आहे.

वाटेसाठी मी हे ठिकाण निःसंकोच सुचवेन. लपणात बसलो असताना पाण्यावरून एक मोठा थवा एकदम उठला; पंखांचा आवाज ऐकून मैत्रिणीने उत्सुकतेने विचारले, “कोणते पक्षी गं?” आणि मला सांगता आले नाही.