कॅननची 70-200 एफ/4 आयएस: घाटातली माझी लेन्स

मुंबई-पुणे सायकल शर्यतीला बोरघाटात उभी राहते तेव्हा गळ्यात हीच लेन्स असते. वजन 760 ग्रॅम, तीन तास धरूनही मनगट भरून येत नाही. खरी कमाल आयएसच्या, म्हणजे हाताची थरथर सावरणाऱ्या यंत्रणेच्या, 'मोड 2'ची: आडवी हालचाल मोकळी सोडून फक्त वर-खालची थरथर सावरतो. चढावर सायकलस्वार हळू येतात, म्हणून शटर 1/30 सेकंदावर ठेवायचं आणि त्यांच्याबरोबर कंबरेतून वळायचं. चेहरा लख्ख, मागचा कातळ वाहून गेलेला. 'घाटाचा राजा' (घाट सर्वांत आधी चढणाऱ्याचा किताब) होऊ पाहणाऱ्याचा ताणलेला जबडा असा मिळाला की अंगावर काटा येतो! पेठांच्या अरुंद गल्ल्यांत मात्र झूमचं सर्वांत रुंद टोक, 70 एमएमही, लांब पडतं, दूधवाल्याची सायकल चौकटीत मावत नाही. तिथे मी 50 एमएम लावते. शर्यतींसाठी मात्र हीच, जुनी मिळाली तरी घ्या.